प्लेट घासू नये

मला लॅबमध्ये सगळे मावशी म्हणतात. माझ्याहून सहा वर्षांनी मोठे असलेले टेक्निशियन दादासुद्धा मावशीच म्हणतात. सुरुवातीला जरा लागायचं, कारण तेव्हा मी तिशीचीही नव्हते. मग कळलं की दवाखाना असो की लॅब, जी बाई फरशी पुसते आणि काचसामान धुते तिला मावशीच म्हणायची रीत आहे, वयाचा त्यात संबंध नाही. आता कुणी ताई म्हणालं तर मी मागे वळून बघते, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून.

ही लॅब लातूरला आहे. माझं गाव इस्लापूरच्या पुढे, जंगलाला लागून. गावाहून नांदेड आणि नांदेडहून लातूर, सगळा दिवस एसटीत जातो, म्हणून वर्षातून दोनदाच जाणं होतं. शाळा मी आठवीत सोडली. सोडली म्हणजे कुणी काढलं नाही. आई मजुरीला जायची, धाकटा भाऊ रांगत होता, त्याला बघायला घरी कुणीतरी पाहिजे होतं. एक दिवस गेले नाही, मग आठवडाभर गेले नाही, आणि मग इतके दिवस झाले की जायची लाज वाटायला लागली. आमच्या विहारात येणाऱ्या एक शिक्षिका होत्या, त्या मला परत न्यायला दोनदा घरी आल्या. दोन्ही वेळा मी मागच्या दाराने निघून गेले आणि त्या जाईपर्यंत गोठ्यामागे बसून राहिले. त्यांनी रागावून काही केलं नसतं हे मला तेव्हाही माहीत होतं.

पुढे लग्न झालं, मोडलं, त्याबद्दल इथे लिहायचं नाही. मी नांदेडला आले आणि विष्णुपुरीला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांची एक मेस होती, तिथे भांडी घासायला लागले. मेसवाल्या काकूंनी मला मागची खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं, आणि एक नियम दिला. ताटात तोंड दिसलं पाहिजे.

"पोरं लांबून आलेली हायेत माय," काकू म्हणायच्या. "ताट चिकट लागलं की त्याह्यला घरची याद येती. मग जेवत न्हाईत."

दर ताट त्या उजेडाला धरून बघायच्या. तोंड अंधुक दिसलं की काही न बोलता परत हौदात टाकायच्या. पावडर, तारेची घासणी आणि कोपरातला जोर, या तीन गोष्टींवर मी सहा वर्षं काढली. पुढे पुढे माझं एकही ताट परत येईना. कुणी विचारलं तुला काय येतं, तर मी तेवढंच सांगू शकले असते की मला स्टील चमकवता येतं. साथीच्या काळात कॉलेजं बंद पडली तेव्हा मेसही बंद झाली. काकूंची भाची लातूरला या लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करायची. तिच्या शब्दावर मला इथे ठेवून घेतलं. काकूंचे उपकार मी विसरत नाही, आणि पुढे जे झालं त्याचं खापर मी त्यांच्या नियमावर फोडत नाही.

लॅबच्या मॅडम जंतूंच्या डॉक्टर आहेत. रोग्याच्या रक्तात, लघवीत, पूमध्ये कोणता जंतू आहे हे शोधायचं त्यांचं काम. बोलणं कमी, आवाज हळू. अशा माणसाची मला जास्त भीती वाटते. पहिलं वर्ष तर मी रोज मनातल्या मनात कामावरून काढली जात होते. संध्याकाळी कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत येऊन कुलूप ओढून बघायचं. काचेची नळी फुटली तर तुकडे रुमालात बांधून मॅडमना दाखवायला घेऊन जायचं. त्या म्हणायच्या, "मावशी, एक नळी फुटली, एवढंच." मला ते एवढंच वाटत नव्हतं. आठवी अर्धी टाकलेली बाई इथे चालून राहिली हे कधीतरी कुणाच्या लक्षात येईल आणि मग परत जावं लागेल, असंच वाटायचं.

दुसऱ्या वर्षी ते मशीन आलं. चार माणसांनी धरून आणलं, उभ्या कपाटाएवढं. त्याच्या आधी जंतू ओळखायला दोन-दोन दिवस लागायचे. बशीत जंतू वाढवायचा, मग त्याला वेगवेगळ्या साखरा खायला घालायच्या आणि कोणती खाल्ली, कोणता रंग आला, यावरून अंदाज करायचा. मशीन आल्यावर वाढवायचे दिवस तेवढे राहिले. वाढलेला जंतू हातात आला की अर्ध्या तासात नाव.

टेक्निशियन दादा उदगीरचे. सरळ उत्तर द्यायची त्यांना सवय नाही.

"मावशी, याच्यात आत गोळीबार होतो," त्यांनी मला सांगितलं.

"कुणावर?"

"जंतूवर. तोबी आधीच मेलेला."

"मेलेल्याला कशाला मारता मग?"

"ओळख पटवायला. जित्ता असताना तो सांगत न्हाई ना."

मशीनची एक स्टीलची प्लेट होती. तळहाताहून थोडी मोठी, सपाट, तिच्यावर ओळीने बारीक गोल कोरलेले. प्रत्येक गोलात एका रोग्याचा जंतू. दात कोरायच्या काडीसारखी लाकडी काडी घ्यायची, बशीतल्या जंतूच्या ठिपक्याला टेकवायची आणि गोलात पुसल्यासारखी फिरवायची. थर इतका पातळ पाहिजे की डोळ्याला जेमतेम दिसावा. त्यावर मॅट्रिक्स नावाच्या औषधाचा एक थेंब, अगदी टाचणीच्या डोक्याएवढा. तो वाळला की त्याचे पिवळट खडे धरतात, मिठाच्या पाण्याचे धरतात तसे. मग प्लेट मशीनच्या पोटात. आतली हवा पंप ओढून घेतो, आणि वरून लेसरचा उजेड त्या खड्यांवर टिकटिक पडतो. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावर मात्र उंच-बुटक्या रेघा उभ्या राहतात आणि मशीन त्या रेघा आपल्याकडच्या जंतूंच्या रेघांशी ताडून बघतं. खात्रीने जुळल्या तर हिरवं, थोड्या जुळल्या तर पिवळं, नाही तर लाल.

एकदा मी उगीच बघत उभी होते. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुमचा हात थरथरत नाही. एक ठिपका ठेवून बघा." माझं सगळं अंग थरथरत होतं, हात तेवढा नव्हता. त्या दिवसापासून दुपारी दादा शेजारी बसून नंबर वाचायचे आणि मी काडी टेकवायची. घरी फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "रांगोळी काढायला ठिवलंय का तुला?" मी म्हटलं, "हाव, तसंच समज." पण फोन ठेवल्यावर किती तरी वेळ मला बसवेना. शाळा सोडल्यावर कुणी माझ्या हाती असं काही दिलं नव्हतं. तेव्हापासून मला नोकरी जायची जितकी भीती वाटायची, त्याहून ती काडी जायची वाटायला लागली. ती परत घेतली तर?

प्लेट धुणं माझ्याकडे नव्हतं, ते दादा करायचे. स्पिरिटमध्ये भिजवायची, मऊ कागदाने पुसायची, मग एका तेज अॅसिडचा हात फिरवून शुद्ध पाण्याने धुवायची. माझ्या डोळ्यांना ते धुणं कधीच पटलं नाही. पुसल्यावरही गोलाच्या कडेला पिवळी झाक राहायची. मी बोलले नाही कधी, पण मनात यायचं, काकूंनी हे ताट हौदात परत टाकलं असतं.

मग एकदा बाहेरगावाहून तपासणीला माणसं येणार असं कळलं. लॅब नीट चालते का, नोंदी बरोबर आहेत का, हे बघणारी माणसं. मॅडम म्हणाल्या, "मावशी, सगळं लख्ख पाहिजे." आदल्या दिवशी दादा रजेवर होते, उदगीरला पुतण्याचं जावळ होतं. जाताना त्यांनी प्लेट स्पिरिटच्या डबीत बुडवून ठेवली होती, आल्यावर पुसू म्हणून. मी ओटा घासला, सिंक घासलं, नळ घासले. शेवटी ती डबी दिसली. आत प्लेट, तिच्यावर पिवळे डाग. उद्या पाहुणे पहिल्यांदा मशीन बघणार आणि मशीनची ताटलीच अशी.

मी पावडर घेतली, तारेची घासणी घेतली. पाच मिनिटांचं काम. खळखळून पाण्याने धुतली, कोरड्या फडक्याने पुसली आणि खिडकीपाशी उजेडाला धरली.

तोंड दिसलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीवाल्यांतले एक साहेब, मी ती परत ठेवली होती त्या डबीच्या काचेच्या झाकणातून बघून म्हणाले, "प्लेट नवी घेतली वाटतं." मॅडम हसल्या. मी दाराशी पाण्याचे ग्लास घेऊन उभी होते. इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. मॅडमनी पुसून ठेवली असेल असं समजून दादांनी डबीतली प्लेट घेतली. रोज पहिल्यांदा एक ओळखीचा जंतू देऊन मशीन तपासायचं असतं. त्या दिवशी मशीनने ओळखीचाच जंतू ओळखला नाही. लाल. दादांनी पुन्हा ठिपका ठेवला. लाल. तिसऱ्यांदा पिवळं आलं, चौथ्यांदा पुन्हा लाल.

"लेसर म्हातारा झाला असंल," दादा म्हणाले. "त्याचंबी आयुष्य असतंय. इतक्या गोळ्या मारल्या की थकतो."

मॅडमनी कंपनीला फोन लावला. इंजिनिअर हैदराबादहून येणार होता, तो परवाच्या आधी निघू शकत नव्हता. फोन ठेवून मॅडम दादांना म्हणाल्या, "तुम्ही रजेवर जायच्या आदल्या दिवशी मशीन तपासलं होतं ना नक्की?"

"तपासलं की मॅडम."

"नोंद दाखवा."

दादांनी वही काढून दाखवली. नोंद होती. तरी मॅडम वहीकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या आणि दादांचे कान लाल झाले.

समोरच्या खिडकीवर तेव्हा एक माणूस उभा होता. मुखेडकडचा. बायकोला आठ दिवसांपूर्वी मुलगी झाली होती आणि चौथ्या दिवसापासून ताप उतरत नव्हता. तिला इथल्याच दवाखान्यात ठेवलं होतं. तिचं रक्त घातलेल्या बाटलीत जंतू वाढला होता, तो बशीवर घेऊन सकाळी तयारही झाला होता. नाव तेवढं राहिलं होतं. ठरल्याप्रमाणे ते सकाळीच मिळायचं.

"ताई, झालं का वो?"

मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"थोडा वेळ लागंल," मी म्हटलं.

"डागदर म्हणले, सध्याच्या इंजेक्शनाला ताप दाद देईना. जंतूचं नाव कळलं की औषध बदलू. पर नाव आल्याबिगर कसं बदलावं, असं म्हणले." मग जरा थांबून म्हणाला, "पोरगी सासूपाशी हाय. वरचं दूध चालू हाय. घेती पर रडती लई."

आतून मॅडमचा आवाज आला. जुन्या पद्धतीने तपासा म्हणाल्या, साखरांच्या नळ्या लावा, उद्या-परवापर्यंत होईल. माणसाने ते ऐकलं का माहीत नाही. तो खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसला.

दादांनी शेवटचा म्हणून पाचवा ठिपका ठेवायचं ठरवलं. मला म्हणाले, "मावशी, तुम्हीच ठेवा. माझ्या हाताला आज यश न्हाई." मी काडी फिरवली, वर मॅट्रिक्सचा थेंब सोडला, आणि तो थेंब बसला नाही. रोज तो गोलात मण्यासारखा उभा राहायचा. आज तो पसरला. गोलाबाहेर गेला, बाजूच्या गोलाला लागला.

मला लगेच कळलं. ज्याने भांडी घासली आहेत त्याला कळतंच. न घासलेल्या, तेलकट ताटावर पाण्याचे थेंब उभे राहतात. तारेने घासलेल्या ताटावर पाणी ओरखड्या-ओरखड्याने पळतं. मशीनला काही झालं नव्हतं. लेसर म्हातारा झाला नव्हता. दादांची वही खरी होती.

मी उठले आणि मागच्या बाजूला, धुण्याच्या खोलीत गेले. तिथून गल्लीत उघडणारं एक दार आहे, कचरा न्यायचं. मी ते दार उघडून उंबऱ्यात उभी राहिले. नाही सांगितलं तर काय होईल, याचा हिशोब करत होते. परवा इंजिनिअर येईल, तो प्लेट बघेल, त्यालाच कळेल किंवा नाहीही कळणार. दादांवर येईल, पण दादा शिकलेले, त्यांना कुणी काढत नाही. आणि सांगितलं तर काडी जाईल हे नक्की, नोकरीही जाईल. मग कुठे? मेस बंद. गावाकडे भावाचं लग्न झालेलं, दोन खोल्या. हे सगळं फिरून फिरून तेच, तेच. मध्ये एकदा समोर जाऊन त्या माणसाला पाणी देऊन आले. त्याने ग्लास घेतला आणि म्हणाला, "तुमचे उपकार हायेत ताई." पाण्याच्या ग्लासाचे.

मी परत उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं तेव्हा एक तास गेला होता. मी दार लावून घेतलं आणि आत गेले.

मॅडम आणि दादा साखरांच्या नळ्या मांडत होते.

"मॅडम, मशीन चांगलं हाय. प्लेट मी घासली."

"पुसली ना? बरं केलं."

"पुसली न्हाई. घासली. तारेच्या घासणीनं, पावडर लावून. पाहुणे येणार होते म्हणून."

दादांच्या हातातली नळी तशीच राहिली. "मावशी! ती काय पिठल्याची ताटली व्हती काय वो!"

मॅडम उठल्या, प्लेट उचलून खिडकीपाशी नेली आणि तिरकी केली. सरळ बघितली तर आरसा होती. तिरकी धरल्यावर तिच्यावर गोल गोल ओरखडे दिसले, एकात एक, सगळीकडे.

"हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

मला म्हणता आलं असतं की आत्ताच. तोंडावर तेच आलं होतं.

"एक तास झाला," मी म्हटलं. "भ्याले मी."

मॅडमनी प्लेट ओट्यावर ठेवली. दादा म्हणाले, "मॅडम, दुसरी प्लेट हाय की कपाटात."

मशीनबरोबर दोन प्लेटा आल्या होत्या. एक वापरात घेतली आणि दुसरी, चांगली आहे, कशाला खराब करायची, म्हणून पाकिटासकट कपाटात ठेवली होती. तिची आठवणच कुणाला राहिली नव्हती. मॅडमनी किल्ली दिली. दादांनी पाकीट फोडलं, स्पिरिटने आणि अॅसिडने प्लेट नीट पुसून घेतली. ठिपके त्यांनीच ठेवले. मी भिंतीला टेकून उभी होते. थेंब मण्यासारखा बसला, वाळला, पिवळा झाला. प्लेट आत गेली. पंप घरघरला. ओळखीचा जंतू हिरवा आला. मग त्या बाईच्या रक्तातला. पडद्यावर रेघा उभ्या राहिल्या आणि तोही हिरवा.

मॅडमनी आधी वॉर्डातल्या डॉक्टरना फोन केला, मग कागद काढला. कागद द्यायला मला पाठवलं.

त्या माणसाने कागद उलटसुलट बघितला. सगळं इंग्रजीत. "ताई, नाव चांगलं हाय का वाईट?"

"जंतूचं नाव हाय, चांगलं कसं असंल? पर कळलं ना. आता बरोबर औषध देतील. डॉक्टरला फोन झालाय, तुम्ही जा लवकर."

तो चप्पल पायात नीट घालायलाही थांबला नाही. मी खिडकीतून म्हणणार होते की एक तास माझ्यामुळे गेला. म्हटलं नाही. ते ऐकायला त्याच्याकडे वेळ नव्हता, आणि ते सांगून बरं मलाच वाटलं असतं.

संध्याकाळी निघताना मॅडम म्हणाल्या, "उद्या तासभर लवकर या." बाकी काही नाही. मी खोलीवर जाऊन पिशवी भरली. दोन साड्या, स्टोव्ह, काकूंनी दिलेलं एक स्टीलचं ताट. भरून झाल्यावर वाटलं, अजून कुणी जा म्हटलं नाही. मग साड्या तेवढ्या बाहेर काढल्या.

सकाळी मॅडमनी मला मशीनसमोरच्या खुर्चीवर बसवलं. स्वतः स्टुलावर बसल्या. रागावतील म्हणून मी मान खाली घातली होती, पण त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. जंतूच्या अंगात प्रथिनं असतात, मोठी आणि नाजूक. प्रत्येक जंतूच्या प्रथिनांची वजनं वेगळी, ती वजनं कळली की जंतू कळला. पण वजन करायचं तर प्रथिन आधी प्लेटवरून उठून हवेत, म्हणजे हवा नसलेल्या नळीत, यायला पाहिजे. लेसरचा उजेड थेट त्याच्यावर टाकला तर ते जळून तुकडे होईल. म्हणून मॅट्रिक्स. प्रथिन त्या पिवळ्या खड्यांत अडकून बसलेलं असतं. लेसरचा सगळा मारा खडे आपल्या अंगावर घेतात, क्षणात तापतात आणि वाफ होऊन उसळतात, आणि उसळताना प्रथिनाला बरोबर घेऊन जातात.

मला आमच्या गावच्या नागपंचमीच्या लाह्या आठवल्या. चुलीवर कढईत वाळू तापवतात आणि ज्वारी त्या वाळूत टाकतात. मी न राहवून बोलले, "म्हंजे जाळ वाळूला लागतो, दाण्याला न्हाई. अन् दाणा वर उडतो."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "बरोबर. फक्त इथे वाळूसुद्धा दाण्याबरोबर उडते. आणि दाणा फुटायला नको, अख्खा राहिला पाहिजे."

पुढे त्या म्हणाल्या, मॅट्रिक्स आंबट असतं, ते उडता उडता प्रथिनाला विजेचा एक बारका भार देतं. भार नसेल तर मशीनला ते ढकलता येत नाही. भार मिळाला की सगळ्यांना सारखाच विजेचा धक्का बसतो आणि ती नळीतून पळत सुटतात. सारखा धक्का दिला तर कापसाचा हातगाडा आधी पोहोचणार, ज्वारीच्या पोत्यांचा मागून. हलकं आधी, जड नंतर. पोहोचायला किती वेळ लागला ते मशीन मोजतं, त्यावरून वजन काढतं, आणि एकेका वजनाची एकेक रेघ पडद्यावर उभी राहते.

"आता सांगा," त्या म्हणाल्या, "तुमच्या घासण्याने काय झालं?"

परीक्षेत विचारावं तसं. मी विचार करून म्हटलं, "थेंब पसरला."

"त्याने काय झालं?"

"खडे नीट धरले न्हाईत. एकाचं दुसऱ्यात गेलं."

"आणि?"

मला पुढचं येत नव्हतं. त्यांनी सांगितलं. ओरखड्यांमुळे प्लेट खालीवर झाली. शर्यतीत सगळे एका रेघेवरून निघाले तर वेळेला अर्थ, कुणी पुढून आणि कुणी मागून निघालं तर वजनं चुकणार. शिवाय ओरखड्यांत पावडर राहिली, आणि साबण असला की प्रथिनांना मिळायचा भार नीट मिळत नाही.

"म्हणजे मी ती लई स्वच्छ केली न्हाई," मी म्हटलं.

"तुम्ही ती घाण केली मावशी. चमकणारी घाण."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी ते बघितलं, पण शब्द मागे घेतला नाही, आणि मला ते बरंच वाटलं. मग म्हणाल्या, एक महिना प्लेटला हात लावायचा नाही. त्या एका तासासाठी. घासण्यासाठी नाही, घासायचं नाही हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, ती चूक माझी आणि यांची. दादांकडे बोट दाखवलं. दादा दारात उभे होते, म्हणाले, "माझं लेसरवर आळ घालणं मातर माफ करा, त्या बिचाऱ्याला उगीच म्हातारा म्हणलो."

मग मॅडमनी एक कोरा कागद दिला. प्लेट कशी धुवायची आणि का घासायची नाही, हे मराठीत लिहा म्हणाल्या, कारणासकट, तुमच्या अक्षरात. आठवीनंतर मी सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. तीन कागद खराब झाले. चौथा दादांनी सिंकच्या वर चिकटवला. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, प्लेट घासू नये. खाली सहा ओळी. शेवटची ओळ मॅडमनी सांगितलेली नाही, माझी मी घातली. काही बिघडलं तर लगेच सांगावं.

तो महिना मी काचा धुतल्या आणि लांबून बघितलं. जुनी, ओरखड्यांची प्लेट दादांनी मला दिली, तिच्यावर नुसत्या पाण्याने थेंबांची सवय ठेवा म्हणून. दुपारी मी ती घेऊन बसत असे. पाणी पळायचंच.

महिना संपायच्या आधी तो मुखेडचा माणूस पुन्हा आला. बायकोचा ताप उतरला होता, पण रक्तात जंतू राहिला नाही ना याची खात्री करायला डॉक्टरनी तिच्या रक्ताची दुसरी बाटली पाठवली होती. बाटली खिडकीतून माझ्याच हातात आली. त्याने मुलीचा फोटो मोबाईलवर दाखवला. नुसतं टोपडं दिसत होतं. आता आईचं दूध घेती म्हणाला.

ती बाटली ऊब देणाऱ्या पेटीत ठेवली. जंतू असला तर एक-दोन दिवसांत कळतं, तरी पाच दिवस वाट बघतात. मी रोज सकाळी फरशी पुसायच्या आधी पेटीकडे जाऊन जंतू वाढल्याचा दिवा लागलाय का बघायचे. पाचव्या दिवशी दादांनी बाटली बाहेर काढली आणि वहीत लिहिलं, वाढ नाही. प्लेटवर ठेवायला काही नव्हतंच. मी बाटली धुवायच्या टोपल्यात टाकणार होते. दादा म्हणाले, "अशी न्हाई मावशी, आधी वाफेच्या भांड्यात, जंतू असला तर मरू दे. तुमच्या कागदावर एक ओळ वाढवा."